श्रीलंकेची धर्मस्थळं नीट बघायची तर: पूजेच्या वेळा, पांढरे कपडे आणि जाडे पायमोजे

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक श्रीलंका सहलींचा साचा ठरलेला असतो: कोलंबो, कँडी, नुवरा एलिया, बेंटोटाचा समुद्रकिनारा आणि परत. सहलीच्या नावात ‘रामायण’ असेल तर सीता एलियाचं मंदिर आणि दोन-चार गुहा-धबधबे वाढतात. अनुराधापूर ‘लांब पडतं’ म्हणून गळतं. तिथेच चूक होते. या बेटावर बौद्ध धर्म सव्वादोन हजार वर्षांपासून नांदतो आहे आणि त्याची सुरुवात अनुराधापूर-मिहिंतलेच्या परिसरात झाली. ते आधी पाहिलं की पोलोन्नरुवा, दंबुल्ला, कँडी ही पुढची ठिकाणं एकाच गोष्टीचे पुढचे भाग वाटतात. नाहीतर दुसऱ्याच दिवशी ‘पुन्हा एक स्तूप’ असा कंटाळा येतो.

सहल आखताना नकाशाच्या आधी घड्याळ समोर घ्या. इथे दिवस दोनच गोष्टींवर ठरतो: दगड कधी तापतो आणि पूजा कधी होते. उघड्यावरचे अवशेष सकाळी साडेसहा ते दहा आणि दुपारी चारनंतर बघायचे. चालती देवस्थानं पूजेच्या वेळी गाठायची. मधले तास प्रवासाला, संग्रहालयाला आणि झोपेला. एवढं पाळलं तरी निम्मी दगदग वाचते.

आधी तिथी, मग तिकीट

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही सार्वजनिक सुट्टी असते. तिला ‘पोया’ म्हणतात. त्या दिवशी दारू विकली जात नाही, मांसाची दुकानं बंद असतात आणि अख्खी गावं पांढरे कपडे घालून विहारात जातात. पोयाला मुद्दाम टाळायचं की मुद्दाम गाठायचं, हे आधीच ठरवा. अनुराधापूर पोयाला पाहण्यासारखं असतं: दिवसभर पाठ, फुलांच्या परड्या, पणत्या. श्रीपाद शिखर मात्र पोयाला चढू नये, पायऱ्यांवर माणसांची रांग तासन्‌तास तुंबते. मे महिन्यातल्या वेसाकला, म्हणजे आपल्या बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास, शहरं कंदिलांनी उजळतात. जूनच्या पोसोन पौर्णिमेला मिहिंतले आणि अनुराधापुरात लाखोंची गर्दी लोटते. तेव्हा तिथे खोली मिळणं अवघड.

पावसाचं गणित आपल्यासारखं सरळ नाही. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, कँडी आणि डोंगराळ भाग भिजवतो, पण अनुराधापूर-पोलोन्नरुवा तेव्हा बऱ्यापैकी कोरडे असतात. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत उत्तर आणि पूर्व बाजूला पाऊस. दोन्हीकडे जायचं असेल आणि श्रीपादही चढायचं असेल, तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष येतं. त्या आठवड्यात दुकानं, खाणावळी आणि बरेच चालकही गावी गेलेले असतात.

पासपोर्टची मुदत तिथे पोहोचल्यापासून सहा महिने तरी शिल्लक हवी. व्हिसाचे नियम आणि शुल्क वारंवार बदलतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी श्रीलंका सरकारचंच संकेतस्थळ बघा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट एलके’ आहे ना, हे तपासा. शोधात वर येणारी हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं त्याच कामाचे जास्त पैसे घेतात. घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्ही देशांची वेळ एकच आहे.

दहा दिवस कसे वाटायचे

विमानतळ कोलंबोत नाही. तो कातुनायकला, नेगोंबो गावाजवळ आहे. पहिल्याच दिवशी कोलंबोच्या वाहतुकीत शिरण्यात काही अर्थ नाही. सकाळचं विमान असेल तर थेट अनुराधापूर गाठा, साधारण चार-साडेचार तास लागतात. रात्रीचं असेल तर नेगोंबोला झोपा. दुसरा दिवस पूर्ण अनुराधापूर. तिसऱ्या दिवशी पहाटे मिहिंतले आणि दुपारी हबरानाकडे. हबराना किंवा सिगिरिया इथे तीन रात्रींचा मुक्काम ठेवला की पोलोन्नरुवा, सिगिरिया आणि दंबुल्ला ही तिन्ही ठिकाणं सामान न हलवता होतात. सहाव्या दिवशी कँडीला जाताना वाटेत मातलेजवळचं अलुविहार बघा. बुद्धवचनं आधी पाठांतराने जपली जात. इसवी सन पूर्व पहिल्या शतकात ती याच गुहांमध्ये प्रथम ताडपत्रांवर लिहून काढली, अशी परंपरा आहे. ताडपत्रावर टोकदार सळईने कोरून वर काजळी-तेल चोळून अक्षरं कशी उमटवतात, हे तिथे करून दाखवतात. सातवा दिवस कँडी, आठवा श्रीपादच्या पायथ्याशी, नववा चढून-उतरून विश्रांती, दहावा कोलंबोलगतचं केलनिया आणि परत.

अंतरांवर जाऊ नका. इथल्या रस्त्यांवर तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच पडतात. डोंगरात तर त्याहूनही कमी. दिवसाला १५० किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास ठेवला की दुपारची पूजा हुकते आणि संध्याकाळी फाटक बंद होतं.

अंगावर काय, पायात काय

खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले. नियम एवढाच आहे, पण तो पुरुषांनाही लागू आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अर्ध्या चड्डीतल्या नवऱ्याला फाटकावर अडवतात आणि तो तिथल्याच दुकानातून महागडी लुंगी विकत घेतो. घरून एक सुती लुंगी किंवा पंचा न्या. पांढरा सलवार-कुर्ता, पांढरी साडी किंवा पांढरा सदरा-पायजमा असेल तर उत्तमच. सक्ती नाही, पण पांढऱ्या कपड्यातल्या माणसाकडे लोक उपासक म्हणून पाहतात आणि रांगेत आपुलकीने जागा करून देतात. काळा रंग टाळा. टोपी आणि चपला आवाराबाहेरच काढायच्या.

पायमोजे हा या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा जिन्नस. मोठ्या स्तूपांभोवती फरसबंदी अंगण असतं आणि ते पार करून प्रदक्षिणा घालावी लागते, अनवाणी. सकाळी अकरानंतर त्या दगडावर पाय ठेववत नाही. मग लोक उड्या मारत सावलीचा पट्टा शोधतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. पायमोजे घातलेले सहसा चालतात. पातळ नकोत, जाडे सुती घ्या, रोजचा एक जोड. चपला सहज निघणाऱ्या हव्यात. दिवसातून पंधरा वेळा लेस बांधण्याचा वैताग तिसऱ्या दिवशी कळतो. चपला सांभाळणाऱ्यांसाठी सुटे पैसे खिशात ठेवा.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं इथे गंभीर अपमान समजला जातो. म्हणजे सेल्फी बादच. मूर्तीचा फोटो घ्यायला सहसा हरकत नसते, पण मूर्तीसोबत आपला घ्यायचा नाही. भित्तिचित्रांवर फ्लॅश नको. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाकूनच विमानातून उतरा. दंडावर असं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश महिलेला २०१४ मध्ये परत पाठवण्यात आलं होतं. बुद्धाचं चित्र छापलेला टी-शर्ट किंवा पिशवीही घरीच राहू द्या. बायकांनी भिक्खूंच्या हाती वस्तू थेट न देता समोर ठेवावी.

अनुराधापूर आणि मिहिंतले

पहाटे पहिल्यांदा जय श्री महाबोधी. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या मूळ वृक्षाची फांदी इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात इथे आणली, आणि माणसाने लावलेलं, लावल्याची नोंद असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं झाड मानतात. १९८५ मध्ये तमिळ वाघांनी (एलटीटीई) केलेल्या हल्ल्यापासून इथे तपासणी कडक असते. पुरुष आणि बायकांच्या रांगा वेगळ्या. पिशवीत जेवढं कमी, तेवढं बरं. मूळ वृक्ष उंच ओट्यावर आहे. त्याच्या बारीक फांद्यांना सोनेरी आधार दिलेले आहेत. आवारातली मोठी, डेरेदार झाडं बघून ‘हाच तो’ असं वाटतं, पण ती नंतरची. खरा वृक्ष वरचा, त्या मानाने किरकोळ दिसणारा. हात लावता येत नाही. गळून पडलेलं पान मिळालं तर लोक ते कपाळाला लावून वहीत ठेवतात. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या फांद्यांतून वाढलेला आहे, त्यामुळे महाराष्ट्रातून येणाऱ्या अनेकांची ही माहेरची भेट असते.

तिथून रुवनवेलिसाय स्तूप चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातल्या दुटुगेमुनू राजाचा हा स्तूप आता पांढराशुभ्र रंगवलेला, भोवती हत्तींची भिंत. प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवीकडून. मग जेतवनाराम: रंग नाही, नुसती वीट. मूळ उंची सुमारे १२२ मीटर, म्हणजे बांधला तेव्हा गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर जगात याहून उंच बांधकाम नव्हतं. आज तो सुमारे ७१ मीटर उरला आहे. उत्तरेकडच्या अभयगिरीत पाचव्या शतकात चिनी प्रवासी फाहियान राहून गेला. तिथली समाधी बुद्धमूर्ती आणि कुट्टम पोकुण ही जोड-पुष्करणी चुकवू नका. पुष्करणीत पाणी आधी लहान टाक्यांतून जाई, गाळ तिथेच बसे आणि स्वच्छ पाणी मकरमुखातून कुंडात पडे. त्या टाक्या अजून जागेवर आहेत, वाकून बघा.

अभयगिरीच्या परिसरातच, ‘महासेनाचा प्रासाद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, पायरीशी अर्धवर्तुळाकार दगड आहे: चंद्रशिला, सिंहलीत ‘संदकड पहण’. तिच्यावर दहा मिनिटं द्या. बाहेरच्या पट्ट्यात ज्वाळा, मग एकामागे एक चालणारे हत्ती, घोडे, सिंह आणि बैल, आत वेलीचा पट्टा, चोचीत फुलं धरलेले हंस आणि मध्यावर अर्धं कमळ. हे चार प्राणी लक्षात ठेवा. पोलोन्नरुवाला गेल्यावर कामाला येतात.

अनुराधापूर पसरट आहे. ठिकाणांमधली अंतरं दोन-तीन किलोमीटरची. टुकटुक दिवसभरासाठी ठरवा आणि आधीच सांगा की दुपारी बारा ते साडेतीन खोलीवर सोडायचं आहे. पुरातत्त्व परिसराचं तिकीट एका दिवसाचं असतं, म्हणून ते संध्याकाळी काढू नका. महाबोधी आणि इसुरुमुनिया विहाराचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

मिहिंतले तिथून जेमतेम तेरा किलोमीटर. पायथ्यापासून १८४० पायऱ्या, पण रुंद, उथळ आणि चाफ्याच्या सावलीतल्या. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी अर्ध्याहून वर असलेल्या वाहनतळापर्यंत जाते. अशोकपुत्र भिक्खू महिंद आणि इथला राजा देवानंपिय तिस्स यांची भेट इथे झाली. राजा शिकारीला आला होता. महिंदाने उपदेशाआधी त्याची बुद्धी पारखली, ती आंब्याच्या झाडावरून, असं ‘महावंस’ हा जुना पाली इतिहासग्रंथ सांगतो. हे कोणतं झाड? आंबा. याखेरीज दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. हा आंबा आणि ते आंबे सोडून आणखी झाडं आहेत? आहेत, पण ती आंबे नव्हेत. ते दुसरे आंबे आणि ती आंबे नसलेली झाडं वगळली तर काय उरतं? हाच आंबा, भंते. राजा पास झाला. त्या जागेचं नाव अंबत्थल, आणि सिंहलीत आंब्याला आजही ‘अंब’च म्हणतात.

खाली उतरताना भोजनशाळेतली दगडी पन्हळ बघा. भिक्खूंसाठी भात आणि पेज तिच्यात ओतत. जवळच दहाव्या शतकातल्या दोन उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर विहाराचे नियम, नोकरवर्ग आणि त्यांचा मोबदला कोरलेला आहे. आराधना गल या खडकावर चढायला लोखंडी कठडे आहेत, पण वाट चिंचोळी आणि अनवाणी चढायची. वारा सुटला असेल तर मुलांना वर नेऊ नका.

पोलोन्नरुवा

चोळांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस अनुराधापूर घेतलं आणि राजधानी पोलोन्नरुवाला हलवली. १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने त्यांना हुसकावलं, राजधानी मात्र तिथेच ठेवली. पहिला पराक्रमबाहू (११५३–११८६) आणि निस्संक मल्ल यांनी जे बांधलं तेच आज मुख्यतः दिसतं.

इथे पहिली अडचण तिकिटाची. तिकीटखिडकी अवशेषांच्या फाटकावर नसून गावातल्या संग्रहालयात, तळ्याजवळ आहे. लोक थेट फाटकावर जातात आणि परत फिरतात. आलाच आहात तर आधी संग्रहालय बघा. तिथे इमारतींच्या प्रतिकृती आहेत, त्या डोळ्यांत असल्या की नुसत्या खांबांच्या रांगा वाचता येतात. मग भाड्याची सायकल घ्या. परिसर सपाट, झाडीचा, दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरलेला: राजवाडा, चौक, शिवालय, रनकोत विहार, लंकातिलक, गल विहार. पाणी दोन लिटर तरी जवळ ठेवा.

चौकातल्या वटदागेच्या, म्हणजे गोल स्तूपघराच्या, पायरीशी पुन्हा चंद्रशिला भेटेल. बघा, बैल नाही. अनुराधापुरात जो पायाखाली येत होता तो इथून काढून टाकलेला आहे. चोळांच्या काळानंतर बैल म्हणजे शिवाचं वाहन ही भावना रुजली होती आणि त्याच्यावर पाय देणं बरं दिसेना, असं अभ्यासक सांगतात. एका धर्माने दुसऱ्याची केलेली ही बूज दगडात इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. पुढे थोड्या अंतरावर चोळकालीन दगडी शिवालय (शिव देवाले क्रमांक दोन) उभं आहे, तमिळनाडूतलं देऊळ उचलून आणल्यासारखं.

गल विहारला शेवटी, चारनंतर पोहोचा. एकाच ग्रॅनाइटच्या कातळात चार मूर्ती. उभी मूर्ती सात मीटर, निजलेली चौदा. निजलेल्या मूर्तीच्या पावलांकडे जा. वरचं पाऊल खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेलं आहे. दोन्ही पावलं सारखी असती तर ती झोप, पुढे-मागे असली की ते महापरिनिर्वाण. मग डोक्याकडे या आणि उशी बघा. मस्तकाच्या भाराने ती दबली आहे. दगडाची उशी, तिला पडलेला खळगा! भाविक समोर बसलेले असतात. त्यांच्या आणि मूर्तीच्या मधून जाऊ नका, पाठीमागून जा.

सिगिरिया, दंबुल्ला

सिगिरिया हा मुळात राजा कश्यपाचा (४७७–४९५) किल्ला. त्याआधी आणि नंतर तिथे भिक्खू राहत, पण धर्मस्थळ म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. सुमारे बाराशे पायऱ्या, सकाळी फाटक उघडताच चढायला लागा. नऊनंतर लोखंडी जिन्यांवर कोंडी होते आणि कातळ तापतो. अप्सरांच्या चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. कड्यावर माश्यांची मोठी पोळी असतात. ‘शांतता राखा’ ही पाटी शिष्टाचारापुरती नाही, आरडाओरड्याने त्या उठतात आणि मग चढाई बंद करावी लागते. अजिंठा नीट पाहिलेल्या माणसाला त्या चित्रांतली ओळख लगेच पटेल.

दंबुल्ला दुपारी साडेचारनंतर. पायथ्यालाच तिकीट घ्या. वर जाऊन ‘तिकीट खालीच’ असं ऐकलं की त्या सगळ्या पायऱ्या पुन्हा उतराव्या लागतात. पाच गुहा, १५३ बुद्धमूर्ती. पहिल्या गुहेत गर्दी असते, म्हणून उलट्या क्रमाने, पाचवीपासून पहिलीकडे या. लहानाकडून मोठ्याकडे गेल्यावर दुसऱ्या गुहेचा विस्तार अंगावर येतो. तिच्यात छताच्या फटीतून थेंब-थेंब पाणी पडतं, ते कठड्याने राखलेल्या भांड्यात धरतात आणि पूजेलाच वापरतात. माकडांपासून फळं, पिशव्या आणि चष्मे सांभाळा.

कँडी: दंतधातूचं दर्शन

स्थानिक लोक कँडीला ‘महनुवर’ किंवा नुसतं ‘नुवर’ म्हणतात. बुद्धाचा दात चौथ्या शतकात कलिंगाहून राजकन्या हेममालीने केसांत लपवून आणला अशी कथा. पुढे तो ज्याच्याकडे, राज्य त्याचं, असा संकेत रूढ झाला. म्हणून राजधानी हलली की दात हलला. शेवटचं राज्य कँडीचं, ते १८१५ मध्ये ब्रिटिशांकडे गेलं. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शहरात आले होते.

दाताच्या मंदिरात (दळदा मालिगावा) पूजा दिवसातून तीनदा: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा. मधल्या वेळी गेलात तर बंद दार दिसेल. प्रत्यक्ष दात कधीच दिसत नाही, तो एकात एक अशा सात करंड्यांमध्ये असतो. पूजेच्या वेळी गाभाऱ्याचं दार उघडतं, रांग खिडकीसमोरून सरकते आणि सोन्याचा मोठा करंडक काही सेकंद दिसतो. त्यासाठी पद्धत अशी:

१. पूजेच्या पाऊण तास आधी तपासणी आणि तिकीट उरका. सामान हॉटेलवरच ठेवा.
२. बाहेरच्या ठेल्यावरून कमळं किंवा निळी ‘मानेल’ फुलं घ्या. पाकळ्या उलगडून ठेवतात, फुलवाला करून देतो. देवाचं फूल हुंगायचं नाही, हे आपल्याला सांगायला नकोच.
३. तळमजल्यावर ढोल-सनईवाले वाजवायला लागले की तिथे रेंगाळू नका. बहुतेक पर्यटक तिथेच फोन वर धरून उभे राहतात आणि वरची रांग लांबते. ढोल उतरताना ऐका.
४. वरच्या मजल्यावर रांग धरा. खिडकीशी थांबू देत नाहीत. फूल हातात तयार, नजर सरळ आत.

पहाटेची पूजा सर्वांत निवांत. बुधवारी सकाळी नानुमुर मंगल्य होतं, सुगंधी पाण्याने प्रतीकात्मक स्नान. ते पाणी नंतर लोकांना देतात. जुलै-ऑगस्टमधली एसला पेरहेर म्हणजे हत्तींची, नर्तकांची, मशालींची दहा रात्रींची मिरवणूक. तेव्हा खोल्या कित्येक महिने आधी संपतात आणि दुपारपासून रस्ते बंद होतात. मुलं-म्हातारी असतील तर पैसे भरून खुर्ची घ्या आणि ती हॉटेलमार्फत, रस्त्यावरच्या दलालाकडून नाही.

तळ्याकाठी कुणी सलगीने येऊन ‘आज खास सोहळा आहे, मी तिथलाच’ म्हणाला तर हात जोडून पुढे चला. गोष्ट देणगीच्या वहीवर किंवा रत्नांच्या दुकानात संपते.

विहार, देवाले, कोविल

तीन शब्द पक्के करा. विहार बुद्धाचा. देवाले हे सिंहली बौद्धांनी पूजलेल्या देवांचं: विष्णू, नाथ, पत्तिनी, कतरगम. कोविल तमिळ हिंदूंचं. देवालेत पुजाऱ्याला ‘कपुराळ’ म्हणतात. फळांचं ताट त्याच्या हाती देऊन नाव आणि मागणं सांगायचं, तो पडद्यासमोर उभा राहून याचना म्हणतो. पडद्यामागची मूर्ती पाहायचा हट्ट धरू नका. दक्षिणेतल्या कतरगमला तर पडदाच दर्शन आहे. तिथे एकाच आवारालगत बौद्ध, हिंदू आणि मुसलमान असे तिघेही येतात, मेणिक नदीत आंघोळ करून. कोविलात आपल्याकडच्या दक्षिणी देवळांची रीत चालते. जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी मंदिरात पुरुषांना सदरा-बनियन काढून उघड्या अंगाने जावं लागतं. जाफन्यासाठी आणखी तीन दिवस हवेत. दहा दिवसांत ते कोंबू नका.

रामायणाच्या खुणा पाहायच्या असतील तर नुवरा एलियाजवळ सीता एलिया येथे सीता अम्मन कोविल आहे. ओढ्याकाठच्या कातळातले खळगे हनुमंताची पावलं म्हणून दाखवतात. अर्धा तास पुरतो.

श्रीपाद

२२४३ मीटर उंचीचं शिखर आणि माथ्यावर पाऊल: बौद्धांना बुद्धाचं, हिंदूंना शिवाचं, मुसलमान-ख्रिश्चनांना आदमचं. हंगाम डिसेंबरच्या पोयापासून मेच्या वेसाकपर्यंत. तेवढ्याच काळात वाटेवर दिवे, चहाच्या टपऱ्या आणि पोलीस असतात. एरवी अंधार, धुकं आणि जळवा.

हॅटनमार्गे पायथ्याचं नल्लतन्नी गाव गाठा, संध्याकाळी सातला जेवून झोपा, रात्री दोनला निघा. सुमारे साडेपाच हजार पायऱ्या, साधारण सात किलोमीटर, चढायला तीन ते चार तास. फार लवकर निघण्याची चूक करू नका. साडेतीनला माथ्यावर पोहोचलेले लोक घामेजलेल्या सदऱ्यात दोन तास कुडकुडतात. कोरडा सदरा, स्वेटर आणि लोकरीचे मोजे पिशवीत ठेवा, माथ्यावर चपला काढाव्या लागतात आणि फरशी बर्फासारखी असते. वाटेत इंदिकटुपान नावाच्या जागी यात्रेकरू सुईत दोरा ओवून ती खोचतात आणि दोरा सोडत पुढे जातात. तो पायात अडकवून तोडू नका. येणारे-जाणारे ‘करुणावयि’ म्हणतात, तुम्हीही म्हणा.

माथ्यावर घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल. पहिल्यांदा आलेल्याने एकच मारायचा. सूर्य उगवताना सगळे पूर्वेकडे बघत असतात. त्या वेळी पाठीमागे वळा, डोंगराची त्रिकोणी सावली धुक्यावर पडलेली दिसते, जेमतेम काही मिनिटं. चढण दमवते, पण गुडघे मारते ती उतरण. काठी घ्या, तिरके पाय टाका आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

शाकाहारी ताट

भात आणि चार-पाच भाज्या, ‘राइस अँड करी’, सगळीकडे मिळतं. नारळाच्या दुधातली डाळ (परिप्पु), फणसाची भाजी, बिटाची भाजी: कोकणातल्या माणसाला परकं वाटत नाही. गोम आहे ती उंबलकडची. हा वाळवलेल्या माशाचा चुरा नारळाच्या चटणीत आणि भाज्यांत चवीला टाकतात आणि बनवणाऱ्याच्या लेखी तो ‘मासा’ नसतो. म्हणून ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मस एपा, मालु एपा, उंबलकड एपा’ असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासा नको, उंबलकड नको. शैव खाणावळ दिसली तर प्रश्नच मिटतो. सकाळी आप्पे नव्हे, ‘आप्प’ मागा: वाटीसारखं जाळीदार धिरडं. म्हशीचं मडक्यातलं दही आणि कितुल माडाचा काकवीसारखा पाक चुकवू नका. उन्हात तंबिली, म्हणजे नारिंगी शहाळं.

पैसे आणि गाडी

मोठ्या स्थळांचे दर परदेशी पाहुण्यांसाठी डॉलरमध्ये लिहिलेले असतात. सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच सरकारी स्थळांवर सवलत असते, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. झेरॉक्स चालेलच असं नाही. खिडकीवर आपणहून ‘सार्क’ म्हणा, कुणी विचारत नाही. २०२४ पासून लंकाक्यूआरवर, म्हणजे तिथल्या दुकानांतल्या क्यूआर कोडवर, भारतीय यूपीआय चालू झालं आहे, तरी खेड्यांतल्या विहारांसाठी रोख बाळगा.

चालकासह गाडी ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: दिवसाचे किलोमीटर, इंधन आणि टोल कुणाचा, चालकाची राहण्याची सोय आणि ‘मसाला बाग, रत्नांचं दुकान नको’. शेवटची अट नसेल तर रोज एक तास तिथे जातो. कँडीहून डोंगराकडे रेल्वेने जायचं असेल तर आरक्षण सुरू होताच करा. पावसात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, त्यामुळे आदल्या दिवशी विचारून मगच निघा.

शेवटच्या दिवशी केलनिया

परतीच्या विमानाआधी तीन तास हातात असतील तर कोलंबोत खरेदीला न जाता शहराला लागून असलेल्या केलनिया महाविहारात जा. बुद्ध स्वतः इथे आले होते अशी श्रद्धा आहे. स्तूप भाताच्या राशीसारखा गोल, आतली विसाव्या शतकातली भित्तिचित्रं सोलियस मेंडिस यांची. त्यातल्या एकात हेममाली केसांत दात लपवताना दिसेल. स्तूपाशेजारी एक देवालय आहे ते विभीषणाचं. लंकेत राहून लंकेचा रक्षक झालेला देव म्हणून तो इथे पूजला जातो. कपुराळाकडे ताट देणाऱ्यांची रांग असते. पांढरे कपडे तोवर बॅगेच्या तळाशी घालू नका. बदलायचे असतील तर ते विमानतळावर.